मावळ, माळ आणि पोटखराबा

दर जूनला पुण्यातल्या टेकड्यांवर खड्डे खणले जातात. संस्थांचे फलक, कंपन्यांचे टी-शर्ट, शाळेतली मुलं, मागे पाण्याचा टँकर. आणि दर जूनला तोच वाद पेटतो. एक बाजू म्हणते, टेकडी बोडकी पडलीय, झाडं लावा. दुसरी म्हणते, इथे मुळात गवतच होतं, उकराउकरी करू नका. दोघांचाही टेकडीवर जीव असतो, म्हणून वाद मिटत नाही. त्याची मुळं शोधायची तर आधी टेकडी उतरून जिल्ह्याच्या दोन्ही टोकांना जाऊन यावं लागतं.

पश्चिमेला ताम्हिणीत वर्षाला ६,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पुण्यात ७०० ते ७५०. पूर्वेला बारामती-इंदापूरकडे ५०० च्या आतबाहेर. ताम्हिणी पुण्यापासून जेमतेम ५० किलोमीटर. जुलैतल्या एखाद्या दुपारी पौडला छत्री उलटी होत असते आणि त्याच वेळी यवतला रस्त्यावर धूळ उडत असते. कारण सगळ्यांनी शाळेत पाठ केलेलं आहे, पण पुन्हा सांगण्यासारखं आहे. अरबी समुद्रावरून आलेलं वारं सह्याद्रीच्या कड्यावर आपटतं. समोर हजारेक मीटरची भिंत. वर चढण्यावाचून त्याला गत्यंतर नसतं. वर जाताना हवा फुगते, गार होते आणि पोटातलं बाष्प टाकून देते. घाटमाथा ओलांडून उतरू लागली की तीच हवा दाबली जाते, तापते आणि ढग विरतात. पुण्याला येतो तो घाटानं खाऊन उरलेला पाऊस.

पूर्वेच्या तालुक्यांना तर तेवढाही भरवशाचा नाही. त्यांची खरी मदार परतीच्या पावसावर, म्हणजे सप्टेंबरच्या गडगडाटी सरींवर. म्हणून तिकडे आषाढापेक्षा उत्तरा-हस्ताची वाट पाहतात, आणि 'पडतील स्वाती तर पिकतील मोती' ही म्हण तिथे शोभेची नसते. काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर रब्बीची ज्वारी येते. तिला पुढे थेंबभर पाऊस मिळाला नाही तरी ती थंडीच्या दवावर आणि खालच्या ओलीवर कणसात येते. मावळात भात, देशावर बाजरी-ज्वारी. हवामानाचा नकाशा ताटात वाढलेला असतो.

हा फरक लोकांनी फार आधीपासून ओळखला होता. त्याचे पुरावे गावांच्या नावांत सापडतात. मावळाकडे जांभूळ, आंबवणे, नवलाख उंबरे. पूर्वेकडे पुरंदरात हिवरे, शिरूरला बाभुळसर, इंदापुरात पळसदेव आणि बोरी. नावावरून जंगल सिद्ध होत नाही, पळस मावळातही फुलतो. पण कल दिसतो. हिवर, बाभूळ, बोर ही काटेरी, विरळ उभी राहणारी, मध्ये गवताला जागा सोडणारी झाडं. 'मावळ', 'देश', 'माळ', 'घाटमाथा' हे शब्दही असेच आहेत. भूगोलाची पुस्तकं ज्याला बायोम म्हणतात, म्हणजे हवामानानं ठरलेला झाडं-प्राण्यांचा पट्टा, ते आपल्याकडे बोलीत होतं, फक्त त्याला शास्त्राचा शिक्का नव्हता.

आता प्राणी-वनस्पतींकडे. भीमाशंकरच्या रानात शेकरू राहतो. तो फांदीवरून फांदीवर उड्या मारत जगतो, जमिनीवर क्वचित येतो. म्हणजे त्याला एकमेकांना भिडलेले शेंडे लागतात, आणि असे शेंडे भरपूर पावसाच्या रानातच मिळतात. तिथून सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आत, बारामती तालुक्यात सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य आहे. १९९७ मध्ये जाहीर झालेलं, क्षेत्र जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटर. तिथे चिंकारा आहे. त्याला उघडं रान लागतं, दूरवर नजर लागते, आणि खाल्लेल्या पाल्यातल्या ओलाव्यावर तो पाण्याशिवाय बराच काळ काढू शकतो. त्याच माळावर धाविक आणि माळटिटवी हे पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात. अंड्यांचा रंग खड्यांसारखा, पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. एकाच जिल्हाधिकाऱ्याच्या हद्दीत शेकरू आणि चिंकारा दोन्ही, आणि दोघांची कधी गाठ नाही.

घाटमाथ्यावर मात्र एक गंमत आहे. पाऊस ६,००० मिमी, तरी झाडं बुटकी. महाबळेश्वरला जांभूळ आणि अंजनीचं सदाहरित रान डोक्यावर थोडंच उंच असतं. केरळातलं रान त्याच्या कितीतरी वर जातं. कारण पाऊस किती पडला याच्याइतकंच किती महिने पडला हे महत्त्वाचं. आपल्याकडे सगळं पाणी चार महिन्यांत येऊन जातं आणि पुढचे सात-आठ महिने कोरडे. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर तर ऑगस्टमध्ये पाणी उभं असतं आणि मार्चमध्ये पाय भाजतात. १९५५ मध्ये स्थापन झालेल्या पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेतल्या अभ्यासकांनी पश्चिम घाटाचे वनस्पती-नकाशे काढताना याच गोष्टीवर भर दिला: मिलिमीटर मोजा, पण कोरडे महिनेही मोजा. हे वाचल्यावर मला आपल्या वर्तमानपत्रांतले 'सरासरीच्या ११० टक्के पाऊस' हे मथळे जरा पोकळ वाटायला लागले.

गवताचं म्हणणं वेगळं. झाडाची वाढ शेंड्याकडून होते, तो खुडला की खोळंबा. गवताचा वाढीचा कोंब जमिनीलगत, पात्यांच्या बुडाशी दडलेला. वरून शेळीनं खाल्लं, वणव्यानं जाळलं, उन्हानं करपलं, तरी पहिल्या वळवाला ते हिरवं होतं. कडक ऊन आणि मोजकं पाणी असताना कार्बन पकडण्याची एक काटकसरी रीतही या गवतांकडे आहे. हिमालयाच्या पायथ्याशी असलेल्या शिवालिकच्या टेकड्यांमधल्या जुन्या मातीच्या थरांतला कार्बन तपासल्यावर दिसलं, की अशी गवतं उपखंडात ८० ते ६० लाख वर्षांपूर्वी पसरली. कुऱ्हाड, नांगर आणि शेळी यायच्या कितीतरी आधी.

यातलं कुसळी गवत पुणेकरांच्या चांगल्या ओळखीचं आहे. नोव्हेंबरात वेताळ टेकडीवर आडवाटेनं फिरून आलं की मोजे कुसळांनी भरतात. एक कुसळ उपटून नीट पाहावं. टोकाला भाल्यासारखं बी, त्याला मागे वळलेली बारीक लव, आणि मागे दोऱ्यासारखा पीळ पडलेला लांब काळपट केस. तळहातावर ठेवून त्यावर पाण्याचा थेंब टाकावा. काही क्षण काही होत नाही. मग तो केस हळूहळू उलगडायला लागतो, घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो, आणि बी तळहातावर गिरकी घेतं. सुकला की पीळ पुन्हा बसतो. रानात दिवसा ऊन, रात्री दव. या पीळ-उलगड्यात बी स्वतःच स्वतःला जमिनीत गिरमिटासारखं रोवून घेतं, आणि मागे वळलेली लव त्याला परत निघू देत नाही. मोज्यात ते जे करतं ते खरं तर जमिनीसाठीचं काम आहे.

माणसालाही या पावसानं सोडलेलं नाही. पुण्याच्या पूर्वेला शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजनं तिथे १९६८ ते १९८३ अशी पंधराएक वर्षं उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळातली वस्ती उजेडात आली. आधीची घरं चौकोनी, ऐसपैस. सातू पिकत होता, पाण्यासाठी बांध आणि पाट होता. मग इ.स.पू. १००० च्या सुमाराला चित्र पालटलं. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेती आकसली, शिकार आणि गुरं राखणं वाढलं. उत्खननाचे एक प्रमुख म. के. ढवळीकर यांनी याचं कारण हवामान कोरडं होत गेलं असं मांडलं. त्यावर पुढे वाद झाले आणि ते व्हायलाच हवेत. एकट्या पावसावर सगळा इतिहास टांगणं मलाही पटत नाही. पण ५०० मिलिमीटरच्या मुलखात दोन-चार पावसाळे चुकले तर शेतकऱ्याचा मेंढपाळ होतो, हे समजायला फार लांब जायला नको.

धनगरांची गोष्ट तर आजही रस्त्यावर दिसते. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी धनगरांचा अभ्यास केला तेव्हा एक विभागणी पुढे आली: घाटातल्या भरपूर पावसाच्या डोंगरात गवळी धनगर म्हशी राखतात, पूर्वेच्या कोरड्या माळावर हटकर धनगर मेंढ्या. म्हैस चिखलात सुखी. दख्खनी मेंढीला मात्र संततधार सोसत नाही, खुरं कुजतात. म्हणून पावसाळा पूर्वेच्या माळावर काढायचा, दसरा-दिवाळीनंतर घाट उतरून कोकणाकडे निघायचं, आणि मृग लागायच्या आत परत फिरायचं. वाटेत शेतात मेंढरं बसवायची. शेताला खत, धनगराला धान्य. म्हणजे वाऱ्यानं आखलेल्या रेषेच्या अल्याड-पल्याड वर्षातून दोनदा ये-जा.

मग कागद आला. ब्रिटिशांची प्रिंगल यांनी केलेली पहिली मोजणी फसल्यावर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५-३६ मध्ये नवी पद्धत सुरू केली, आणि तिची सुरुवात इंदापूर तालुक्यातच झाली. मातीची खोली आणि पोत पाहून जमिनीची प्रत आण्यांत ठरायची. सारा किती लावायचा एवढाच प्रश्न होता, त्यामुळे जिथे नांगर चालत नाही ती जमीन हिशेबातून वजा. आजच्या सातबाऱ्यावर 'पोटखराबा' हा रकाना आहे, तो याच वळणाचा. शब्द अगदी चपखल आहे: शेताच्या पोटातला खराब भाग. चिंकारा, चंडोल आणि लांडगा मात्र नेमके याच खराब भागात राहतात.

१८६४ मध्ये वनखातं स्थापन झालं. त्याला लाकूड हवं होतं. सारा न देणारी आणि लाकूडही न देणारी जमीन महसूल आणि वन या दोन्ही खात्यांना परकीच राहिली. पुढे १९३६ मध्ये वनाधिकारी चँपियन यांनी भारतातल्या वनांचे प्रकार लावले, १९६८ मध्ये सेठ यांच्यासोबत ते सुधारले. वनखात्यात ती मांडणी आजही चालते. तिच्यात गवताळ मुलूख बहुतेक ठिकाणी 'खालावलेलं वन' म्हणून येतो. त्यामागे त्या काळचा एक ठाम समज होता, की प्रत्येक जमिनीला सोडून दिलं तर शेवटी तिथे रानच उभं राहतं. गवत म्हणजे वाटेत थांबलेलं रान. १९७३ मध्ये दबडघाव आणि शंकरनारायण यांनी देशभरच्या गवतांचं वर्गीकरण केलं आणि दख्खनचा मोठा पट्टा पवन्या-मारवेल गवतांचा म्हणून दाखवला, पण 'खालावलेलं' हा शब्द पुसला गेला नाही.

जागतिक शास्त्रात मात्र दुसरंच चाललं होतं. कोपेन या शास्त्रज्ञानं १८८४ पासून हवामानाचे पट्टे आखायला घेतले तेव्हा हवामान केंद्रं मोजकी होती, म्हणून त्यानं वनस्पतींचा आधार घेतला. कुठे कोणती झाडं तगतात ते पाहून त्यानं पाऊस आणि तापमानाच्या सीमा बसवल्या. त्याच्या पद्धतीत पावसाळी उन्हाळ्याच्या प्रदेशासाठी ओल्या-कोरड्याची रेषा काढायचं सूत्र सोपं आहे: सरासरी तापमानाला २० नं गुणा, त्यात २८० मिळवा. पुण्यासाठी २५ अंश धरले तर ७८० मिमी येतात. पुण्याचा पाऊस त्याच्या किंचित खाली. म्हणजे पुणं बरोब्बर उंबरठ्यावर. एखादं वर्ष ओल्या प्रदेशात, एखादं वर्ष निमकोरड्या. १९२८ मध्ये हवामान खात्याचं मुख्यालय शिमल्याहून शिवाजीनगरला आलं आणि 'सिमला ऑफिस' हे नाव चौकाला चिकटलं. त्या इमारतीच्या गच्चीवरून पाहिलं तर ही रेषा टेकड्यांच्या आसपासच कुठेतरी जाते.

अमेरिकी परिसरशास्त्रज्ञ व्हिटेकर यांनी १९७० च्या दशकात तापमान-पावसाचा प्रसिद्ध आलेख काढला. बायोमच्या धड्यात तोच त्रिकोण असतो. त्यात मध्यभागी एक तुटक रेषेचा भाग आहे, जो धड्यात छापताना अनेकदा गाळतात. त्या भागात पाऊस आणि तापमान सांगूनही रान येईल की गवत हे ठरत नाही. माती, वणवे आणि चरणारी जनावरं ठरवतात. पुण्याचा बिंदू त्या तुटक रेषेच्या आत पडतो.

म्हणून जूनमधल्या वादात दोन्ही बाजूंना पुरावे सापडतात. मुळशी-वेल्ह्याच्या देवरायांमध्ये, जिथे कुऱ्हाड लागली नाही, तिथे खरोखर घनदाट रान आहे. १९७० च्या दशकात वर्तक आणि गाडगीळ यांनी त्यांची नोंद केली. पर्वतीच्या जुन्या छायाचित्रांत डोंगर उघडा दिसतो, पण तो मुळचा तसा की शहराच्या चुलींनी केलेला, हे छायाचित्र सांगत नाही. माझा कल असा: ओढ्याच्या घळींत आणि पश्चिम उतारावर झाडं, वरच्या पातळ मातीच्या पठारावर गवत आणि मधूनमधून सालई, पांगारा, पाचुंदा. ऑक्टोबरात तिथे उभं राहिलं तर हे पटतं.

१९८० च्या दशकापासून टेकड्यांवर गिरिपुष्प लावलं गेलं. मूळ मध्य अमेरिकेकडचं, झपाट्यानं वाढणारं, शेळी सहसा तोंड न लावणारं. हिरवं दाखवायच्या घाईला अगदी सोयीचं. त्याच्या दाट सावलीत गवत टिकत नाही. पूर्वेकडे आता कडबनवाडी आणि शिर्सुफळला वनविभाग गवताळ सफारी चालवतो आणि लोक पैसे देऊन पोटखराबा पाहायला जातात. इकडे वेताळ टेकडीवर गिरिपुष्पाच्या पट्ट्यातून नोव्हेंबरात कितीही चाललं, तरी घरी येताना मोजे स्वच्छ असतात.