तात्या उभे राहतात तेव्हा

आमचे तात्या सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यांना आयुष्यभर मांडी घालून बसले. गेल्या वर्षापासून मात्र उठलं की डोळ्यांपुढं अंधारी यायची. "मान, खांदं भरून येत्यात बघ. बसलो की जातंय." ईसीजी, इको नीट. बसून घेतलेलं बीपीही नीट. वय झालं म्हणून आम्हीच सोडून दिलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

मग एका डॉक्टरांनी आडवं झोपवून बीपी घेतलं, आणि उभं करून तिसऱ्या मिनिटाला पुन्हा. वरचा आकडा १५० वरून ८६. मनगट माझ्या हातात होतं. नाडी झोपून ७२, उभं राहून ७६.

घोटाळा त्या चार ठोक्यांत आहे. कुणीही उभं राहिलं की अर्धा लिटरहून अधिक रक्त पोटात आणि पायांत उतरतं. मानेतल्या धमन्यांना आणि महाधमनीच्या कमानीला दाब घटल्याचं लगेच कळतं, मेंदूच्या बुंध्याकडं वर्दी जाते. तिथून हुकूम सुटतो, मज्जातंतूंच्या टोकांतून नॉरअॅड्रेनॅलिन हे निरोप पोचवणारं रसायन बाहेर पडतं, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय वेग धरतं. दाब इतका पडल्यावर नाडी धावायलाच हवी होती. तात्यांचं हृदय धडधाकट आहे, स्वतःच्या नैसर्गिक पेसमेकरवर, म्हणजे आतूनच ठोक्यांची लय देणाऱ्या पेशींवर, चालतंय. पण हुकूम त्याच्यापर्यंत पोचत नाही.

या दुर्मिळ आजाराला प्युअर ऑटोनॉमिक फेल्युअर म्हणतात. ब्रॅडबरी आणि एगलस्टन या डॉक्टरांनी १९२५ मध्ये असे तीन रुग्ण नोंदवले. पार्किन्सनमध्ये मेंदूत साचणारं अल्फा-सायन्यूक्लिन हे प्रथिन इथं मुख्यतः मेंदूबाहेरच्या स्वायत्त मज्जातंतूंत, म्हणजे नाडी, बीपी अशी आपोआप चालणारी कामं सांभाळणाऱ्या तंतूंत, साचतं. काहींना पुढं पार्किन्सनसारखा आजार होतो, म्हणून तपासणी चालू ठेवावी लागते. उभं राहिल्यावर बीपी पडण्याची कारणं मात्र पुष्कळ आहेत, जुना मधुमेह आणि काही गोळ्या त्यातच आल्या. तेव्हा उठताना तोल जात असेल तर उभ्यानं बीपी मोजायला सांगाच.

गंमत अशी की झोपल्यावर हेच बीपी चढतं. चढलेल्या दाबानं मूत्रपिंडं रात्रभर पाणी आणि मीठ बाहेर टाकतात, म्हणून सकाळ सगळ्यात वाईट. भरपेट जेवण आणि एप्रिलचं ऊनही बाधतं.

म्हणून आता तात्यांच्या खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा आहेत, डोकं उंच राहावं म्हणून. पहाटे ते काठावर बसून, पाय खाली सोडून, दोन फुलपात्री पाणी एका दमात पितात. मग काही मिनिटं थांबतात. काकू शेजारी उभी असते, हात पुढं करून.