युद्धकालीन वैमानिक पंखचिन्हांचा संग्रह

पहिल्या व दुसऱ्या महायुद्धात सैनिकी विमानांतून उडणाऱ्यांना प्रशिक्षण पुरे झाल्यावर पंखांचा बिल्ला मिळे. तो बहुधा छातीवर, डाव्या खिशाच्या वर लावायचा. असे बिल्ले गोळा करणे, ओळखणे आणि जपणे हा या नोंदीचा विषय. संग्राहक बोलताना सरसकट ‘विंग्ज’ म्हणतात. एकाच बाजूला पंख असेल तर ‘ब्रेव्हेट’ किंवा ‘हाफ विंग’. कोकण किनाऱ्यावर या छंदाला दोन गोष्टींनी वेगळे वळण दिले आहे. फौजेत, नौदलात आणि मुंबईच्या गोदीत पिढ्यानपिढ्या गेलेल्या घरांच्या माळ्यांवर पडून असलेल्या ट्रंका ही एक, आणि वर्षातले चार महिने ओली राहणारी खारी हवा ही दुसरी. पहिलीमुळे वस्तू हाती लागते, दुसरीमुळे ती हातची जाते.

ब्रिटिश सैन्याची विमानशाखा ‘रॉयल फ्लाइंग कोअर’ १९१२ साली निघाली आणि तिच्या वैमानिकांचा दोन पंखांचा बिल्ला १९१३ साली मंजूर झाला. विमानातून टेहळणी करणाऱ्या निरीक्षकांसाठी ‘ओ’ अक्षर आणि एकच पंख असलेला बिल्ला १९१५ साली आला. १ एप्रिल १९१८ रोजी रॉयल एअर फोर्स झाल्यावर वैमानिकाच्या बिल्ल्यातली मधली अक्षरे बदलली, पण पुष्पचक्र, वरचा मुकुट आणि पंख ही ठेवण राहिली. दुसऱ्या महायुद्धात एकेका विमानातली माणसे आणि कामे वाढली, तसे एकपंखी बिल्लेही वाढले. ‘एजी’ म्हणजे एअर गनर १९३९च्या डिसेंबरात आला. १९४२ साली निरीक्षकाचे काम वाटून ‘एन’ हा नॅव्हिगेटर आणि ‘बी’ हा बाँब टाकणारा असे दोन बिल्ले झाले. फ्लाइट इंजिनियरचा ‘ई’ही त्याच काळातला. ज्यांनी आधी ‘ओ’ मिळवला होता त्यांना तो पुढेही लावता येत असे. म्हणून १९४४च्या छायाचित्रात ‘ओ’ दिसला की लगेच खोट काढू नये.

भारतीय हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ची; पहिली स्क्वॉड्रन १ एप्रिल १९३३ला कराचीच्या ड्रिग रोडवर वापिटी विमानांनिशी उभी राहिली. महायुद्ध संपताना स्क्वॉड्रन नऊ होत्या. ‘रॉयल’ ही उपाधी मार्च १९४५मध्ये मिळाली आणि २६ जानेवारी १९५०ला गेली. ‘आरआयएएफ’, म्हणजे रॉयल इंडियन एअर फोर्स, या अक्षरांचा बिल्ला या जेमतेम पाच वर्षांतलाच असणार. तो १९४२ किंवा १९४३चा म्हणून कोणी विकत असेल, तर बिल्ला खरा असला तरी सांगितलेली हकिगत खोटी आहे.

अमेरिकन सैन्याचे पंख बहुधा धातूचे. वैमानिकाच्या कोटावरचा मोठा बिल्ला तीन इंच, शर्टावरचा दोन इंच. मधल्या ढालीवर किंवा ढालीच्या जागी जे असेल त्यावरून काम कळते: नॅव्हिगेटरचा कड्यांचा खगोल, बाँबार्डियरचा लक्ष्यावर पडणारा बाँब, गनरची गोळी, ग्लायडर वैमानिकाचा ‘जी’. दुर्मीळता बहुतेक वेळा बिल्ल्याच्या अल्पायुष्यातून येते. फ्लाइट सर्जनचा, म्हणजे वैमानिकांच्या डॉक्टरचा, बिल्ला १९४३मध्ये सोनेरी निघाला आणि पुढच्याच वर्षी रुपेरी झाला, म्हणून सोनेरीला भाव. ‘वास्प’ या महिला वैमानिकांच्या दलातून १,०७४ जणी प्रशिक्षण पुरे करून बाहेर पडल्या आणि १९४४च्या डिसेंबरात ते दलच मोडले. त्यांचा चौकटच्या पत्त्यासारखा मध्यभाग असलेला बिल्ला अस्सलपेक्षा नकलीच अधिक भेटतो. जर्मन वैमानिकाच्या बिल्ल्यात पुष्पचक्रावर रिव्हेटांनी जोडलेला गरुड असतो. युद्ध लांबले तसे हे बिल्ले जस्ताचे निघू लागले, आणि जस्त कोकणात सर्वांत लवकर हार मानते.

ओळखताना आधी मागची बाजू पाहावी. समोरची बाजू नकल करणाराही पाहतो, मागची पाहण्याचा त्याला कंटाळा येतो. ठशाखाली दाबून घडवलेल्या बिल्ल्यावर पिसाच्या रेषा धारदार असतात आणि कड कापल्यासारखी. साच्यात ओतलेल्या नकलेवर दहापट भिंगाखाली बारीक खड्डे दिसतात, पिसांच्या मुळाशी धातू साचलेला असतो आणि कडेने सांधा फिरतो. ओतीव धातू थंड होताना आकसतो, म्हणून ७६ मिलिमीटरचा अमेरिकन बिल्ला नकलेत दीड-दोन मिलिमीटर आखूड भरतो. ही मोजणी त्याच कारखान्याच्या बिल्ल्याशी ताडावी. दोन कारखान्यांचे माप मुळातच थोडे वेगळे असते. पिनेचे बिजागर आणि पकड वेगवेगळी डाखलेली हवीत. सगळे एकाच ओतात आले असेल तर विषय संपला. पिनेऐवजी दोन खिळ्यांवर मागून दाबून बसवायच्या टोप्या, म्हणजे क्लच, युद्धाच्या मध्यापासून रुळले, तेव्हा ते दिसले म्हणून बिल्ला नंतरचा ठरत नाही. उलट, ठसे अस्सल पण बिल्ला युद्धानंतर काढलेला, असाही प्रकार आहे; तिथे कारखान्याच्या नावाऐवजी आकडा-अक्षराचे सांकेतिक चिन्ह असते.

मागे ‘स्टर्लिंग’, म्हणजे ठरावीक शुद्धतेची चांदी, असे कोरलेले असेल तर ते वजनाने तपासता येते. ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा घ्यावा. बाजारपेठेतल्या कुठल्याही सोनाराकडे असतो. बिल्ला कोरडा तोलावा. मग पाण्याचा पेला काट्यावर ठेवून आकडा शून्य करावा आणि बिल्ला दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून धरावा. तळाला किंवा काठाला टेकू देऊ नये, बुडबुडे झटकावेत. काट्यावर दिसेल ते बिल्ल्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन. कोरडे वजन १५.५० आणि हा आकडा १.५० आला तर भागाकार १०.३३, म्हणजे स्टर्लिंग चांदीच्या घरात. पितळ साडेआठच्या आसपास येते, जस्त सातच्या थोडे वर. पिन पोलादाची असल्याने अस्सल बिल्लाही किंचित कमी भरतो. सोनाराला कसोटीवर घासू देऊ नये, चरा कायमचा राहतो. इनॅमल, कापड किंवा कलाबूत असलेल्या बिल्ल्याला ही परीक्षा लावायचीच नाही.

कापडी पंखांची परीक्षा निराळी. ब्रिटिश बिल्ले गडद कापडावर रेशमाने भरलेले. मागे कांजी दिलेले विरळ कापड, कडेने सुईची भोके, कधी गणवेशाचे धागे अडकलेले. मागे पांढरे, इस्त्रीने चिकटणारे प्लॅस्टिकचे अस्तर दिसले तर माल अलीकडचा. चीन-ब्रह्मदेश-भारत आघाडीवरच्या अमेरिकनांनी आपल्याकडच्या जरदोजी कारागिरांकडून पंख भरून घेतले. त्यांत दोन बिल्ले सारखे नसतात आणि ओबडधोबडपणा हा दोष नव्हे. भिंगाखाली त्यातली तार म्हणजे दोऱ्याभोवती गुंडाळलेली अगदी बारीक पट्टी दिसते. चांदीचा मुलामा उडालेल्या जागी तांबे हिरवे पडते. जांभळ्या दिव्याखाली, म्हणजे नोटा तपासायच्या दिव्याखाली, आधुनिक दोरा निळसर पांढरा चमकतो. पण इथे फसगत होते: कुणी हौसेने जुना बिल्ला कपड्यांच्या पावडरीत धुतला असेल तर पावडरीतले झळाळीचे द्रव्य कापडात उतरते आणि अस्सलही चमकू लागतो. मागून सुटलेला एक धागा जाळून पाहावा. रेशीम केस जळल्यासारखे वासते आणि राख चुरगळते. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो.

मुकुटावरून काळ सांगण्याचा जुना नियम आता तोकडा पडतो. १९५२पर्यंत राजाचा ट्यूडर मुकुट आणि एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीत सेंट एडवर्डचा, इतके पूर्वी पुरत असे. २०२२ साली चार्ल्स राजाने पुन्हा ट्यूडर धर्तीचा मुकुट घेतला, आणि आजचा नवा बिल्लाही वरवर पाहणाऱ्याला युद्धकालीन वाटतो.

ट्रंकेत निघणाऱ्या वस्तूंमध्ये सर्वांत जास्त घोळ होतो तो खांद्यावरच्या गरुडाचा. हवाई दलातले जमिनीवरचे कर्मचारीही दोन्ही खांद्यांवर भरतकामाचा गरुड लावत. तो उजवा-डावा जोडीने येतो. घरात मात्र ‘आजोबा पायलट होते’ अशी समजूत असते. दुसरा प्रकार आई-बायकोला भेट दिलेल्या ब्रोचचा: शिंपल्यावर किंवा इनॅमलमध्ये छोटे पंख. तो सुंदर असतो, पण गणवेशाचा नव्हे. तिसरा क्वचितच दिसतो आणि मासे खाणाऱ्या मुलखात त्याचे कौतुक व्हायला हरकत नाही: पंख असलेला सोनेरी मासा. विमान समुद्रात उतरल्यावर तराफ्याने किंवा जीवरक्षक जाकिटाने वाचलेल्यांच्या ‘गोल्डफिश क्लब’चा हा १९४२पासूनचा बिल्ला, तारेच्या भरतकामावर बंदी असल्याने तो जुन्या काळ्या समारंभी कोटांच्या कापडावर रेशमाने भरला जाई.

आता हवा. किनाऱ्यावर पावसाळ्यात आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्क्यांवर असते आणि मीठ धातूवर बसून पाणी धरते. पितळ हिरवे पडते, जस्तावर पांढरी भुकटी येते, कापडाला बुरशी आणि लोकरीला कसर लागते. फणसाच्या लाकडाची पेटी कितीही देखणी असली तरी लाकडातून आम्लाची वाफ निघते. शिसे आणि जस्त तिने खंगतात. रबरबँड आणि लोकरी कापड यांतल्या गंधकाने चांदी काळी पडते. मऊ पीव्हीसीचे पाकीट काही वर्षांत चिकट होते आणि खालच्या पितळावर हिरवा चिकटा धरते. त्याऐवजी पॉलिप्रॉपिलीनचा घट्ट झाकणाचा डबा, आम्लरहित कागद आणि पाच लिटरच्या डब्यात पन्नास ग्रॅम सिलिका जेल ठेवावे. जेल ओले झाल्याचे रंगावरून कळते. ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास सुकवून पुन्हा वापरता येते. आत आर्द्रतेचा छोटा काटा असावा आणि तो पन्नासच्या खाली राहावा.

डबे मिरगाआधी, मेच्या कोरड्या दुपारी बंद करावेत. पाऊस लागल्यावर बंद केले तर ओल आतच कोंडते. कसरीचा संशय असेल तर कापडी बिल्ला दुहेरी पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवावा आणि बाहेर काढल्यावर चोवीस तास पिशवी उघडू नये, नाहीतर दव कापडावर धरते. हेही मेमध्येच उरकावे. पावसात वीज सलग दोन आठवडे टिकेल यावर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. डांबरगोळ्या कापडाला टेकवू नयेत.

घासपूस हा सर्वांत मोठा घात. तांब्या-पितळेची भांडी आमसुलाने किंवा चिंचेने लखलखीत करायची आपली सवय बिल्ल्यावर चालवली की मुलामा जातो, जस्त खाल्ले जाते आणि खाचांतला, वय सांगणारा काळेपणा धुऊन निघतो. चकाकणाऱ्या बिल्ल्याचा भाव त्याच वजनाच्या काळवंडलेल्यापेक्षा कमी असतो, हे घरच्यांना आधी सांगून ठेवलेले बरे. हिरवी पूड लाकडी दातकोरणीने, भिंगाखाली, हलकेच खरवडावी, एवढेच.

कायद्याच्या दोन बाबी. बिल्ला बाळगण्यात गुन्हा नाही; मात्र आपण सैनिक आहोत असा समज व्हावा म्हणून सैनिकासारखा गणवेश किंवा चिन्ह लावणे भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८खाली गुन्हा आहे. दुसरे, १९७२च्या पुरावशेष कायद्यात ऐतिहासिक वस्तू शंभर वर्षांची झाली की पुरावशेष ठरू शकते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. पहिल्या महायुद्धातले बिल्ले आता या वयाचे आहेत. परदेशातल्या नातेवाइकाला पाठवण्याआधी पुरातत्त्व खात्याला विचारावे.

अस्सल वस्तू पाहून डोळा तयार करायचा तर किनाऱ्यावरच सोय आहे: गोव्यात वास्कोजवळ बोगमाळो येथे १९९८ साली सुरू झालेले नौदल विमानविद्या संग्रहालय. ब्रिटिश नौदलाचे वैमानिक पंख छातीवर नव्हे, डाव्या बाहीवर लावत. तेव्हा नौदलाचा कोट हाती आला तर आधी बाही पाहावी.

कोटावर शिवलेला बिल्ला उसवू नये. कोटाच्या आतल्या खिशात शिंप्याची चिठ्ठी असते, तिच्यावर बहुधा नाव आणि तारीख. बिल्ला वेगळा केला की ते नाव कोटाकडे राहते आणि बिल्ला बेवारशी होतो. पे-बुक, सुटीचा कागद, छायाचित्र यांवर शाईने काही लिहू नये. वस्तू कोणाच्या घरातून, कोणत्या वर्षी, कशाबरोबर निघाली ते पेन्सिलीने वेगळ्या चिठ्ठीवर लिहून त्याच डब्यात ठेवावे.