दोन ठोक्यांमधलं अंतर

गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत डॉक्टर म्हणतात, ‘एकदा एनएसटी करून घ्या.’ एनएसटी म्हणजे पोटातल्या बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांची तपासणी. पोटावर दोन पट्टे बांधले जातात, घोडा दौडल्यासारखा आवाज खोलीभर घुमू लागतो आणि आई टक लावून आकडे बघत राहते. 138, 145, 141. मिनिटाला 110 ते 160 ठोके हे ठीकच. पण डॉक्टरांची नजर असते ती कागदावरच्या रेघेवर. ती दातेरी हवी. बाळाच्या मज्जासंस्थेचा एक भाग हृदयाची गती वाढवतो, दुसरा कमी करतो. या ओढाताणीमुळे निरोगी बाळाचे ठोके कधीच घड्याळासारखे एकसारखे पडत नाहीत. बाळाला ऑक्सिजन कमी पडू लागला की रेघ सपाट होऊ शकते.

पंचाईत अशी, की बाळ गाढ झोपलं तरी ती सपाट होते. शिवाय रेघेच्या कागदाची एकच पट्टी दोन अनुभवी डॉक्टर वेगवेगळी वाचतात.

ऑक्सफर्डमध्ये जेफ्री डॉज आणि क्रिस्टोफर रेडमन या संशोधकांनी हे वाचन संगणकाकडे सोपवलं. संगणक प्रत्येक मिनिटाचे 16 तुकडे करतो. एक तुकडा पावणेचार सेकंदांचा. मिनिटाला एक सेंटिमीटर सरकणाऱ्या कागदावर तो जेमतेम अर्ध्या मिलिमीटरहून थोडा मोठा. प्रत्येक तुकड्यात दोन ठोक्यांमधलं सरासरी अंतर किती आणि पुढच्या तुकड्यात ते कितीने बदललं, हे तो मोजतो. 140 च्या गतीला हे अंतर सुमारे 430 मिलिसेकंद असतं. त्यातला बदल सरासरी 3 मिलिसेकंदांच्या खाली गेला, तर ते गंभीर लक्षण. इतका बारीक फरक डोळ्यांना दिसणं शक्यच नाही.

मला मात्र या पद्धतीचा धीर जास्त मोलाचा वाटतो. सगळे निकष जुळले तर 10 मिनिटांतच चाचणी संपते. नाही जुळले तर बाळ जागं होण्याची वाट बघत ती तासभरही चालते.

प्रसूतीच्या कळांमध्ये हे निकष लागू पडत नाहीत. तिथे वेगळी संगणकप्रणाली ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या सुमारे 47,000 प्रसूतींत तपासली गेली. 2017 साली निष्कर्ष आले: संगणकाने इशारे देऊनही बाळांच्या प्रकृतीत फरक पडला नाही. इशारा मिळाल्यावर काय करायचं, हे शेवटी माणसांनाच ठरवायचं असतं.

आणखी एक. बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं असेल, तर दोन-तीन दिवस ठोक्यांमधल्या अंतरातल्या बदलाचा आकडा तात्पुरता घसरू शकतो. म्हणून पट्टे बांधण्यापूर्वीच औषधं सांगा, बाळाची हालचाल कमी वाटत असेल तर तेही सांगा. आणि पट्टी चांगली आल्यावर घरी पुन्हा तसं वाटलं, तर संकोच न करता त्याच दिवशी परत जा.