मधली पाच नॅनोमीटरची फट

सोन्याचे वीसेक नॅनोमीटरचे कण पाण्यात विखुरले, तर पाणी सोनेरी होत नाही, माणकासारखं लाल होतं. 1857 साली मायकेल फॅरेडे यांनी असं द्रावण तयार केलं होतं आणि हा रंग सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचाच, असं मांडलं होतं. साधारण 520 नॅनोमीटर तरंगलांबीचा हिरवा प्रकाश पडला की कणातले मोकळे इलेक्ट्रॉन एका तालात हिंदकळतात. हाच प्लाझ्मॉन. हिरवा रंग असा गिळला जातो, लाल उरतो. शिवाय कणाला खेटून असलेलं विद्युतक्षेत्र कित्येक पटींनी वाढतं. काही नॅनोमीटर लांब गेलं की ओसरतं.

म्हणजे धातू प्रकाश एकवटण्यात पटाईत, पण टिकवण्यात कच्चा. काही फेम्टोसेकंदांतच (फेम्टोसेकंद म्हणजे नॅनोसेकंदाचा दहा लाखावा भाग) प्लाझ्मॉन विरतो आणि बहुतेक ऊर्जेची पुढे उष्णता होते. अर्धवाहकाचं उलट. कॅडमियम सेलेनाइडचा क्वांटम डॉट, म्हणजे काही नॅनोमीटरचा अर्धवाहक कण, शोषलेली ऊर्जा कित्येक नॅनोसेकंद धरून ठेवतो आणि मग ठरावीक रंगाचा प्रकाश सोडतो. मात्र एकटा डॉट फारच थोडा प्रकाश पकडतो.

मग दोघांना चिकटवून टाकावं? तसं केलं तर डॉट चक्क विझतो, कारण त्याची ऊर्जा बाहेर पडण्याआधीच धातू खाऊन टाकतो. मध्ये सिलिकाचा पातळसा, दहाएक नॅनोमीटरचा थर घातला की तोच डॉट जास्त तेजस्वी होतो आणि प्रकाशही लवकर सोडतो. 2009 मध्ये कॅडमियम सल्फाइडची नॅनोतार चांदीवर ठेवून अतिसूक्ष्म लेसर बनवला गेला. त्यात तार आणि चांदी यांच्यामध्ये मॅग्नेशियम फ्लोराइडचा जेमतेम 5 नॅनोमीटरचा थर होता. माझ्या मते या प्रयोगातली खरी कारागिरी त्या थरात आहे.

प्रकाश-संवेदकात मात्र ही फट नकोच असते. सिलिकॉनला सुमारे 1100 नॅनोमीटरपलीकडचा अवरक्त प्रकाश जवळजवळ दिसत नाही. त्यावर थेट सोनं बसवलं, तर प्लाझ्मॉन विरताना उसळलेले इलेक्ट्रॉन सीमेवरचा अडथळा ओलांडून सिलिकॉनमध्ये शिरतात आणि विद्युतप्रवाह मिळतो. बहुतेक इलेक्ट्रॉन वाटेतच थंडावतात, त्यामुळे कार्यक्षमता अजून तुटपुंजी आहे.

त्यात चिप बनवणाऱ्यांना सोनं नकोसं वाटतं: ते सिलिकॉनमध्ये झिरपून उपकरण बिघडवतं. म्हणून काही संशोधक टायटॅनियम नायट्राइडकडे वळले आहेत. ते चिप-कारखान्यांच्या ओळखीचं आहे, उष्णताही सोसतं आणि गंमत म्हणजे दिसायलाही सोनेरीच.