कूळ मालक कसे झाले, आणि काही का राहून गेले

सातबाऱ्याच्या इतर हक्कात आजही अनेक ठिकाणी 'कुळकायदा कलम 43 ला पात्र' असा शेरा दिसतो. म्हणजे ती जमीन कुळाला, दुसऱ्याची जमीन खंडाने (भाड्याने) कसणाऱ्याला, कायद्याने मिळालेली आणि विकण्यावर बंधन असलेली. त्यामागे मोठी लढाई आहे.

कोकणात खोत सरकारसाठी सारा गोळा करत आणि कुळांकडून पिकाचा मोठा वाटा घेत. त्याविरुद्ध 1933 साली अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या पुढारपणाखाली संप पुकारला आणि काही वर्षे जमिनी कसल्याच नाहीत. डॉ. आंबेडकरांनी 1937 मध्ये खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. 1939 च्या कायद्याने कुळांना पहिले संरक्षण दिले, 1949 च्या कायद्याने खोती गेली.

मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम मात्र 1948 चा. 1956 च्या दुरुस्तीने 1 एप्रिल 1957 हा 'कृषक दिन' ठरला: त्या दिवशी जमीन कसणारे कूळ कलम 32 प्रमाणे मालक मानले गेले. (मराठवाड्यात 1950 चा हैदराबाद कायदा, विदर्भात 1958 चा वेगळा.) किंमत 32ग खाली तहसीलदार ठरवी, साधारण आकाराच्या (जमिनीवरच्या वार्षिक साऱ्याच्या) 20 ते 200 पट, विहीर, झाडे, बांधकाम यांचे मूल्य वेगळे. हप्ते जास्तीत जास्त 12. पैसे फिटले की 32म चे प्रमाणपत्र, मग फेरफार, म्हणजे मालक म्हणून नावाची नोंद.

कायदा चांगला होता, पण तो कागदावर नाव असलेल्यालाच ओळखत होता. तोंडी खंडाने कसणाऱ्याचे नाव पीकपाहणीत (कोण काय पिकवतो याच्या सरकारी नोंदीत) नसे. अनेकांकडून आधीच कूळहक्क सोडल्याचे 'स्वेच्छेचे' राजीनामे घेतले गेले. 32ग च्या चौकशीला कूळ हजर राहिले नाही किंवा नको म्हणाले, तर खरेदी निष्प्रभावी होऊन जमीन 32प खाली जाई, म्हणजे कुळाच्या हातून सुटे. मालक विधवा, अज्ञान (अल्पवयीन) किंवा अपंग असेल तर खरेदी पुढे ढकलली जाई. नंतर ठरलेल्या मुदतीत कुळाने जमीन घ्यायची असल्याची 32फ ची लेखी सूचना द्यायची. ही सूचना राहून गेल्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीनही अडकली, आणि आजचे कितीतरी दावे इथूनच निघतात.

मिळालेली जमीन परवानगीशिवाय विकता येत नसे, तेच कलम 43. 2014 च्या दुरुस्तीनंतर खरेदीला 10 वर्षे झाली असतील, तर आकाराच्या 40 पट नजराणा (सरकारला द्यायची रक्कम) भरून ती विकता येते. घेणारा मात्र शेतकरीच लागतो.