माफी आणि क्षमा: ‘ऋण सोड’ म्हणताना आपण काय मागतो?

मिरजेत रविवारची उपासना संपली की चर्चच्या आवारात चहाबरोबर गप्पा रंगतात. तिथं एकदा तासगावकडच्या एका बागायतदार काकांनी मला अडवलं. सोसायटीचं कर्ज ते दरवर्षी मार्चच्या आत फेडतात. म्हणाले, “देव सगळं माफच करणार असेल, तर दहा आज्ञा पाळायच्या कशाला? कर्जमाफीत तेच झालं की. थकवलं त्याचा सातबारा कोरा, भरलं तो बसला बघत.”

काकांचा सल खरा आहे. २०१९ च्या महात्मा फुले कर्जमुक्ती योजनेत दोन लाखांपर्यंतचं थकलेलं पीककर्ज उतरलं, आणि नियमित फेडणाऱ्यांसाठी पन्नास हजारांपर्यंतचं प्रोत्साहन अनुदान वेगळं आणावं लागलं. पण देवाची दया म्हणजे कर्जमाफी नव्हे. गोंधळ होतो तो शब्दामुळे. मत्तयाच्या शुभवर्तमानातली, म्हणजे त्यानं लिहिलेल्या येशूच्या चरित्रातली, प्रभूची प्रार्थना आपण मराठीत म्हणतो तेव्हा मागतो ते हेच की जसं आम्ही ऋण्यांना ऋण सोडलं, तशी तू आमची ऋणं सोड. लूकच्या शुभवर्तमानात त्याच जागी ‘पापं’ हा शब्द आहे.

माफीला अपराध लागत नाही. अवकाळीनं घड कुजले, गारपिटीनं बाग झोडपली, यात शेतकऱ्याचं पाप काय? तिथं माफी हाच न्याय, आणि ती देणाऱ्याला घेणाऱ्याचं तोंडही पाहावं लागत नाही. यादीत नाव आलं की खातं मिटलं. क्षमेला मात्र अपराध लागतो. ‘हे चुकलं’ असं कुणीतरी म्हटल्याशिवाय क्षमा कशाची करायची? ते म्हणण्याचं काम नियमशास्त्राचं, म्हणजे दहा आज्ञांसारख्या देवानं दिलेल्या नियमांचं. येशूचा प्रेषित पौल रोमच्या ख्रिस्ती लोकांना पत्रात लिहितो की पापाची जाणीव नियमशास्त्रानं होते. म्हणजे नियम काढून टाकला तर दया मोठी होत नाही, तिला करायला काही उरतच नाही.

जक्कयाची गोष्ट आपल्याला तो येशूला पाहायला ज्यावर चढला त्या उंबराच्या झाडामुळे लक्षात राहते. मला त्यातला हिशोब जास्त मोलाचा वाटतो. यरीहोचा हा मुख्य जकातदार, लोकांना लुबाडून गबर झालेला. येशू त्याला आधी ‘पैसे परत कर’ म्हणत नाही. तो म्हणतो, आज मला तुझ्या घरी उतरायचंय. अट नाही, दंड नाही. मग जक्कय आपणहून उभा राहतो आणि सांगतो: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचं अन्यायानं घेतलं त्याला चौपट परत. आता बायबलमधली नियमशास्त्राची पुस्तकं, लेवीय आणि गणना, उघडून पाहा. फसवणूक कबूल करणाऱ्यानं मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा द्यावा, एवढंच तिथं सांगितलंय. शंभराला एकशेवीस पुरले असते, जक्कय चारशे देतो. दयेनं नियम मोडला नाही, नियमाच्याही पुढं नेलं. कर्जमाफी मिळालेला माणूस शेजाऱ्याची उसनवारी चौपटीनं फेडायला धावला, असं मी तरी पाहिलेलं नाही. माफीकडून तशी अपेक्षाही नसते.

उलट बाजूही येशूनंच दाखवलीय. त्याच्या एका गोष्टीत राजा एका चाकराला दहा हजार तालांतांचं देणं सोडतो. तालांत म्हणजे साधारण सहा हजार दिनार, आणि दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. सहा कोटी दिवसांची मजुरी माफ झालेला हा माणूस बाहेर पडतो आणि शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. राजा त्याला पुन्हा पकडतो. त्याच्या हातात माफी पडली, क्षमा आत पोचलीच नाही.

हा घोळ चर्चमध्येही झालाय. सोळाव्या शतकात पैसे घेऊन पापाची शिक्षा सुटल्याचे दाखले विकले जात होते. जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथर १५१७ मध्ये त्यावरच उठला, आणि त्याच्या ९५ मुद्द्यांतला पहिलाच मुद्दा असा की विश्वासणाऱ्याचं अख्खं आयुष्य पश्चात्तापाचं असावं. दाखला खिशात आला की पश्चात्तापाची गरजच संपते, ही त्याची खंत. आजही कॅथलिक पापनिवेदनानंतर प्रायश्चित्त सांगतात, आपण प्रोटेस्टंट ‘किंमत ख्रिस्तानं भरली’ म्हणून थांबतो. पण ‘मग पाप करत राहू’ असं दोघांपैकी कुणीच म्हणत नाही. कृपा वाढावी म्हणून पापात राहावं काय, असं पौल विचारतो आणि स्वतःच उत्तर देतो: कधीच नाही.

काकांना मी शेवटी लूकनं सांगितलेल्या येशूच्या गोष्टीतला उधळ्या पुत्राचा थोरला भाऊ आठवून दिला. धाकटा वाटणी उधळून परत येतो, तरी बाप त्याच्यासाठी मेजवानी घालतो. इतकी वर्षं राबलो, मला साधं करडूही दिलं नाही, म्हणून तो अंगणातच रुसून उभा राहतो. नियमित फेडणारा तोच. बाप त्याला चूक ठरवत नाही. जेवण सोडून बाहेर येतो, समजूत घालतो, माझं आहे ते सगळं तुझंच आहे म्हणतो.

“मग गेला का तो आत?” काकांनी विचारलं.

लूकनं ते लिहिलेलं नाही.