राहायला जाण्याआधीचा कार्बन

हजार चौरस फुटांच्या आरसीसी बांधकामाला साधारण चारशे पोती सिमेंट आणि चार टन सळई लागते, हा ठोकताळा आपल्याकडच्या बहुतेक ठेकेदारांना तोंडपाठ असतो. बांधकामाचे साहित्य खाणीतून निघाल्यापासून ते इमारतीत बसेपर्यंत, आणि पुढे तिची दुरुस्ती व पाडकाम होईपर्यंत, जो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो त्याला अंतर्भूत कार्बन म्हणतात. त्याचा पहिला अंदाज बांधायला हा ठोकताळा पुरेसा आहे. चारशे पोती म्हणजे २० टन सिमेंट. ते साधे ओपीसी (राख वगैरे न मिसळलेले सिमेंट) असेल, तर टनामागे सुमारे ०.८५ ते ०.९ टन या हिशेबाने १७-१८ टन कार्बन डायऑक्साइड झाला. भारतात एक टन पोलाद तयार होताना सरासरी अडीच टनांच्या आसपास उत्सर्जन होते, म्हणजे सळईचे आणखी १० टन. विटा, फरशी, अॅल्युमिनियमच्या खिडक्या अजून धरलेल्याच नाहीत. याच घरात महिन्याला २०० युनिट वीज जळते असे मानले आणि युनिटमागे ०.७ किलो उत्सर्जन धरले, तर वर्षाला सुमारे १.७ टन होतात. घराच्या किल्ल्या हातात पडण्यापूर्वीच सोळा वर्षांच्या विजेएवढे उत्सर्जन होऊन गेलेले असते. शिवाय विजेचा वाटा सौर आणि पवन ऊर्जेमुळे पुढे घटू शकतो. एकदा ओतलेल्या स्लॅबचा घटत नाही.

सिमेंटचा आकडा एवढा मोठा का, याचे उत्तर इंधनापेक्षा रसायनशास्त्रात अधिक आहे. चुनखडी म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. त्याचे १०० किलो तापवले की ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड निघून जातो. भट्टीचे तापमान १४५० अंश सेल्सिअसपर्यंत न्यावे लागते आणि त्यासाठी कोळसा जळतो हे खरे, पण एका टन क्लिंकरमागे (भट्टीतून निघणारे खडे, जे दळून सिमेंट होते) अर्ध्या टनाहून थोडा अधिक वायू दगडातूनच येतो. उद्या भट्ट्यांना लागणारी सगळी उष्णता स्वच्छ विजेतून मिळाली, तरी हा भाग तसाच राहील. (काँक्रीट पुढे अनेक दशके हवेतला थोडा कार्बन डायऑक्साइड परत शोषते, पण तोच बदल आतल्या सळईला गंजाची वाट मोकळी करतो, त्यामुळे त्यावर फार भिस्त ठेवता येत नाही.)

मोजणीसाठी युरोपातले ईएन १५९७८ हे मानक इमारतीच्या आयुष्याचे टप्पे पाडते: साहित्यनिर्मिती, वाहतूक आणि उभारणी, वापर व दुरुस्ती, शेवटी पाडकाम. आकडा वाचताना यातले कोणते टप्पे त्यात धरले आहेत, हे आधी विचारावे. डेन्मार्कने २०२३ मध्ये हजार चौरस मीटरहून मोठ्या नव्या इमारतींसाठी वर्षाला दर चौरस मीटरमागे १२ किलोची मर्यादा घातली आणि २०२५ मध्ये ती आणखी कडक केली. या मर्यादेत पन्नास वर्षांचा ऊर्जावापरही येतो. म्हणून वरच्या घराच्या दर चौरस मीटरमागच्या जवळपास ३०० किलोंशी तिची सरळ तुलना करणे चुकीचे ठरेल.

उत्सर्जन कमी करण्याची सर्वांत मोठी संधी आराखड्याच्या टेबलावर असते. खांबांमधली अंतरे आटोपशीर ठेवली, स्लॅबची जाडी गरजेपुरतीच धरली, तर सिमेंट आणि सळई दोन्ही वाचतात, आणि पैसेही. त्यानंतर सिमेंटची निवड येते. पीपीसी या मिश्र सिमेंटमध्ये औष्णिक वीजकेंद्रांतली राख ३५ टक्क्यांपर्यंत मिसळता येते, त्यामुळे वरच्या हिशेबातले १७-१८ टन बाराच्या आसपास उतरतात. आपल्याकडे चंद्रपूर, कोराडी, परळी अशा केंद्रांमुळे ही राख दुर्मीळ नाही. अडचण अशी की राखेचे काँक्रीट सुरुवातीला सावकाश घट्ट होते आणि सेंट्रिंग जास्त दिवस ठेवावे लागते. ज्याला पुढचा मजला लवकर चढवायचा आहे तो ओपीसी मागतो. माझ्या मते इथे तंत्रज्ञान कमी पडत नाही, वेळापत्रक आडवे येते.

मात्र आकडा उतरला म्हणजे उत्सर्जन उतरले, असे दर वेळी होत नाही. लोखंडाच्या झोतभट्टीतली मळी (स्लॅग) सिमेंटमध्ये उत्तम चालते, पण जगात चांगल्या प्रतीची बहुतेक मळी आधीच वापरात आहे. एका इमारतीने जास्त घेतली तर दुसरीला कमी मिळते आणि हवेतला कार्बन तेवढाच राहतो. कोळशाची वीजकेंद्रे जसजशी बंद होतील तसतसे राखेचेही असेच होईल. म्हणूनच एलसी३ हे सिमेंट मला अधिक महत्त्वाचे वाटते. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील तंत्रविद्यापीठ, क्यूबा आणि भारतातल्या आयआयटींमधील संशोधकांनी ते विकसित केले. त्यात ५० टक्के क्लिंकर, ३० टक्के भाजलेली चिकणमाती, १५ टक्के न भाजलेली चुनखडी आणि ५ टक्के जिप्सम असते. माती भाजायला ८०० अंशांच्या आसपास तापमान पुरते, तिच्यातून बाहेर पडते ते मुख्यतः पाणी, आणि ओपीसीच्या तुलनेत उत्सर्जन ३० ते ४० टक्क्यांनी घटते. भारतात २०२३ मध्ये त्यासाठी आयएस १८१८९ हे मानक आले.

भंगारातून बनलेल्या पोलादाबाबतही हाच पेच आहे, आणि व्यापारात तो अधिक ठळक होतो. आयात मालावर त्याच्या निर्मितीतल्या उत्सर्जनानुसार शुल्क लावणाऱ्या युरोपीय संघाच्या कार्बन सीमाशुल्क व्यवस्थेत ऑक्टोबर २०२३ पासून माहिती देणे सुरू झाले आणि १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष आकारणीचा टप्पा लागू झाला. लोखंड-पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट, खते, हायड्रोजन आणि वीज हे तिचे विषय. पोलादाचे बोल्ट आणि स्क्रूही त्यात आहेत. पोलादासाठी तिथे फक्त थेट उत्सर्जन धरतात, वापरलेल्या विजेचे नाही. जालन्यात आहेत तशा इंडक्शन भट्टीत एक टन भंगार वितळवायला सुमारे ६०० युनिट लागतात, म्हणजे ०.४ टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड कोळशाच्या वीजकेंद्रातून निघतो. हिशेबाच्या चौकटीत तो दिसत नाही. एखाद्या निर्यातदाराने भंगाराचा माल युरोपला आणि झोतभट्टीचा माल इतरत्र पाठवला, तर त्याच्या मालावरचे शुल्क घटते, उत्सर्जन नाही. उलट भोसरी-चाकणच्या लहान बोल्ट कारखानदाराला ज्या पोलाद गिरणीतून वायर रॉड (बोल्टसाठीची जाड तार) आला तिचा प्रत्यक्ष, तपासलेला आकडा मिळाला नाही, तर त्याच्या मालाला ठरावीक आणि सहसा चढा आकडा लावला जातो, मग त्याची गिरणी कितीही स्वच्छ असो. आता खरेदीच्या चौकशीत भाव आणि प्रतीबरोबर तो गिरणीला हा आकडाही मागू लागला, तर मोजणीचे काम जिथे व्हायला हवे तिथे पोहोचेल.